निसान वनटन: पुढचा एक्सल बदलू की आहे त्यातच पॉवर स्टिअरिंग टाकू?

भांडुपचा_भीम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे निसानची वनटन आहे, म्हणजे आर्मीचा एक टनी फोर बाय फोर ट्रक. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, ७४ ची. आर्मीच्या लिलावातून नाशिककडच्या एका बागाईतदाराने घेतली होती, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. कागद क्लिअर आहेत. इंजिन ओरिजिनल, तेच जोंगावालं (जोंगा म्हणजे निसानचीच आर्मी जीप) ३९५६ सीसी पेट्रोल सहा सिलिंडर, आवाज ऐकला की पेट्रोलचं बिल विसरायला होतं (पंपावर परत आठवतं). कामाला वापरत नाही, रविवारी कर्जत, मुरबाड, कधीतरी माळशेज एवढंच.

दुखणं स्टिअरिंगचं आहे. उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे दोन्ही पाय फ्लोअरला लावून ओढावं लागतं, एलबीएस रोडला ट्रॅफिकमध्ये यू टर्न मारायचा म्हटलं की घाम. पण त्याहून वाईट म्हणजे मधे भरपूर प्ले (मोकळी हालचाल) आहे, सरळ रस्त्यावर सुद्धा सारखं डावं उजवं करत बसायचं, आणि पन्नासच्या पुढे एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं अशी काही थडथडायला लागतात की ब्रेक मारून जवळजवळ थांबावंच लागतं. घोडबंदर रोडला मागचे लोक काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

दोन मिस्त्रींना दाखवली. एक म्हणतो अख्खा पुढचा एक्सल काढून टाका, टाटा ४०७ चा एक्सल पॉवर स्टिअरिंगसकट बसवून देतो, दुसरा म्हणतो महिंद्राचा फोर बाय फोर एक्सल घाला, डिस्क ब्रेक पण करून देतो. दोघांचे आकडे ऐकून बायकोला अजून सांगितलेलं नाही. कोणी केलंय का असं काम? काय करावं?

ठाण्याचा_ठोंब्या

फोटो टाका राव आधी. फोटोशिवाय निसानचा धागा म्हणजे पाप आहे.

ग्रीसगन

भीमराव, कोणताही एक्सल विकत घ्यायच्या आधी एक काम करा, फुकटचं आहे. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी, जॅक लावायचा नाही. इंजिन बंद. एका पोराला आत बसवा आणि स्टिअरिंग डावं उजवं हलवायला सांगा, पूर्ण वळवायचं नाही, नुसतं प्ले संपून जरा जोर लागेपर्यंत. तुम्ही खाली झोपा आणि हात लावत जा. पहिल्यांदा स्टिअरिंग बॉक्सच्या बाहेर येणारा शाफ्ट आणि त्याच्यावरचा पिटमन आर्म, मग तिथून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकचं एक टोक, दुसरं टोक, मग दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची दोन टोकं, मग नकल (चाकासकट वळणारा भाग). ज्या जॉइंटची एक बाजू हलते आणि दुसरी मागून हलते तिथे बोट अर्ध्यावर ठेवलं की बरोबर कळतं. आणि बॉक्स जिथे चॅसीला बोल्ट केलाय तिथे पण हात ठेवा, बऱ्याच गाड्यांत बॉक्सच हलत असतो आणि लोक टाय रॉड एंड बदलत बसतात.

नंतर पुढचा एक्सल उचला, स्टँडवर ठेवा, चाक वर आणि खाली धरून आत बाहेर हलवा. हललं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्या खुंटीवर नकल फिरते ती). कोणीतरी ब्रेक दाबून धरला आणि तरी हललं तर किंगपिन.

रिझल्ट इथे लिहा मग बोलू.

जोंगा_जपणारा

+१ ग्रीसगन.

आणि त्या ४०७ वाल्या मिस्त्रीला एक विचारा, की साधी ४०७ टू व्हील ड्राइव्ह असते, तिचा पुढचा एक्सल म्हणजे नुसता बीम, त्यात डिफ्रेन्शल नाही काही नाही. तो टाकला की तुमची फोर बाय फोर गेली, ट्रान्सफर केस (पुढच्या एक्सलला ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) शोभेला राहील. हे त्याने सांगितलं का तुम्हाला?

भांडुपचा_भीम

नाही सांगितलं!! तो म्हणाला "फोर बाय फोर लागतंय कुठे मुंबईत".

ठाण्याचा_ठोंब्या

त्याला पावसाळ्यात घोडबंदरला पाठवा.

तात्या_टर्नर

वाचत होतो, लिहायला आज वेळ मिळाला. नोकरीतली सगळी वर्षं लेथवर आणि नंतर वर्कशॉपात गेली आहेत, तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

जड स्टिअरिंग आणि थडथडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि पॉवर स्टिअरिंग हे फक्त पहिल्यावरचं औषध आहे. सैल पुढच्या एक्सलवर पॉवर टाकली की काय होतं, हाताला जोर लागत नाही म्हणून प्ले जाणवत नाही, प्ले मात्र जिथल्या तिथे. आणि बॉक्स आता जास्त जोराने ढकलतोय म्हणून ते सैल जॉइंट अजून लवकर जातात. पहिल्यांदा एक्सल घट्ट करा. मग ठरवा की पॉवर हवी का. निम्म्या लोकांना मग लागत नाही असा माझा तरी अनुभव आहे.

आता एक्सल घट्ट करायचा म्हणजे काय. बंद नकलवाला एक्सल आहे, मोठा गोल बॉल, त्याच्याभोवती नकल फिरते, वर एक आणि खाली एक किंगपिन, तिथे टेपर रोलर बेअरिंग असतात. ही बेअरिंग पूर्ण कधीच फिरत नाहीत, जन्मभर थोडंसं डावं थोडंसं उजवं. त्यामुळे गाडी सरळ चालताना रोलर जिथे बसतात तिथेच वाटीत खाचा पडतात. वाटी काढून उजेडात तिरकी धरा, बारीक समांतर रेघा दिसतील, नखाला लागतील. अशी वाटी ठेवून वरून टाइट केलं तर स्टिअरिंग मधे अडकल्यासारखं होतं, सोडलं तरी सेंटरला येत नाही, आणि लोक म्हणतात बॉक्स खराब. तर बेअरिंग नवीन, वाटीसकट, चारही.

मग प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती दाबून बसवायचं ते. किंगपिनच्या कॅपखाली पातळ पत्र्या असतात, शिम. त्या काढल्या की टाइट, घातल्या की सैल. इथे दोन गोष्टी बघायच्या. एक, वरच्या आणि खालच्या पत्र्यांची जाडी सारखी वाटून द्यायची, सगळ्या वरून काढल्या तर नकल खाली वर सरकते आणि आतला एक्सल शाफ्टचा जॉइंट सेंटरला राहत नाही. दोन, टाइट किती ते हाताने नाही ठरवायचं. टाय रॉड सोडा, बॉलवरचं मोठं ऑइल सील काढून ठेवा कारण त्याचा स्वतःचाच अडथळा असतो, आणि नकलच्या आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा. नकल हलायला लागल्यावर काटा किती दाखवतो ते मॅन्युअलशी जुळवा. भंगारवाल्याकडचा साधा काटा पण चालतो, आधी किलोच्या साखरेच्या पिशवीवर तपासून घ्या म्हणजे झालं.

थडथडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, किंगपिनला प्रीलोडच उरलेला नसतो. पण त्याच्या जोडीला टायरचं बॅलन्स, टाय रॉड एंड, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी), आणि कॅस्टर हे सगळं येतं. एकच गोष्ट बदलून जाईल अशी आशा ठेवू नका.

कॅस्टरबद्दल: किंगपिन वरच्या बाजूला मागे कललेली पाहिजे, अशा सॉलिड एक्सलला साधारण ३ ते ५ अंशात असली की चाक आपोआप सरळ होतं. कोणी गाडी उंच दिसायला पुढच्या पाट्यांना लांब शॅकल घातले असतील तर तो कोन बदललेला असतो. बघा तुमच्या गाडीला काय आहे.

ग्रीसगन

तात्या, हा प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजात लावणार आहे.

कुर्ला_टू_कसारा

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.

भांडुपचा_भीम

मंडळी, रविवारी शेजारच्या पोराला बसवून ग्रीसगननी सांगितलेली टेस्ट केली. जे दिसलं ते असं:

पिटमन आर्म शाफ्टवर घट्ट. ड्रॅग लिंकचं मागचं टोक हलतंय, स्पष्ट. टाय रॉडचं डावं टोक थोडं. चाक वर खाली धरून हलवलं तर डावं भरपूर, उजवं कमी, ब्रेक दाबून पण तेवढंच, म्हणजे किंगपिन. पाट्यांचे बुश कधीकाळी होते असं म्हणू शकतो.

आणि बॉक्स. हलतो. चार बोल्टपैकी एक नुसता बोटाने फिरला. तिथला ग्रीस आणि चिखल रॉकेल मारून साफ केल्यावर चॅसीला बोल्टच्या भोकापासून वर जाणारी बारीक भेग दिसली, आधीच्या कोणीतरी तिच्यावर वेल्डिंगचा एक टाका मारून काळा रंग फासलाय. भेग त्या टाक्याला वळसा घालून पुढे गेलीये.

शॅकल लांब आहेत, हो. घेतली तेव्हापासूनच. तात्यांना कसं कळलं?

तात्या_टर्नर

नाशिकची गाडी, उंच दिसायची हौस. बाकी काही नाही.

चॅसीचं काम सगळ्यात आधी. बॉक्स काढा. भेग जिथे संपते असं वाटतं त्याच्या थोडं पुढे, डोळ्याला दिसत नसली तरी, छोटं भोक मारा म्हणजे ती पुढे पळत नाही. डाय पेनिट्रंटचा स्प्रे मिळतो, लाल मारायचा, पुसायचा, वर पांढरा मारला की लाल रेघ उठून टोक नेमकं कळतं. मग भेग ग्राइंडरने खोबण करून पूर्ण भरा आणि आतून एक प्लेट. प्लेट चौकोनी कापू नका, टोकं निमुळती करा, आणि चॅसीच्या वरच्या खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग नको, नवी भेग तिथूनच निघते. जाडी चॅसीएवढीच पुरे. दारुखान्यात (रे रोडचा भंगार बाजार) प्लेटचे तुकडे वजनावर मिळतात. बोल्ट मात्र नवीन, हाय टेन्साइल, आणि चॅसी तिथे बंद चौकोनी (बॉक्स सेक्शन) करणार असाल तर आत नळीचा तुकडा घालून, म्हणजे आवळल्यावर चॅसी चेपत नाही.

जोंगा_जपणारा

आता मी माझं पुराण सांगतो, कारण मी जोंगाला ४०७ चा पॉवर बॉक्स लावलाय, नुसता बॉक्स, एक्सल जोंगाचाच.

४०७ चा का आणि सुमो बोलेरोचा का नाही, तर सुमो बोलेरोला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, त्यांचा पिटमन आर्म डावा उजवा फिरतो. आपल्या गाड्यांचा पुढे मागे फिरतो आणि ड्रॅग लिंक चॅसीला समांतर जाते, ट्रकसारखी. ४०७ ला तेच आहे. म्हणून तो बॉक्स चॅसीच्या बाजूला सरळ बसतो, इतर काही घेतलं तर अख्खी लिंकेज उलटी सुलटी करावी लागते. नेटवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका, त्यांच्या गाड्या लेफ्ट हँड, बॉक्स डाव्या चॅसीसाठी बनलेला, आपल्याकडे लावला तर उजवीकडे वळवल्यावर गाडी डावीकडे जाईल. हसू नका, असं करून बघणारा माणूस मला माहितेय.

पिटमन आर्म नवीन बॉक्सचाच वापरावा लागतो कारण स्प्लाइन जुळत नाहीत. पण मग खालच्या टोकाचा टेपर आपल्या ड्रॅग लिंकच्या बॉलशी जुळत नाही. इथे मिस्त्री म्हणतो "जुन्याचं टोक कापून नव्याला वेल्ड करतो साहेब, हाय काय नाय काय". अजिबात नाही. फोर्जिंगचा पार्ट आहे, तो तुटला तर हातात फक्त चाक राहतं. पिटमन आर्मला, नकलच्या आर्मला, ड्रॅग लिंकला वेल्डिंग नाही, गरम करून वाकवणं नाही. टेपर रीमर मारून घ्या, किंवा नवीन आर्मला बसेल असा एंड घेऊन ड्रॅग लिंकच नवीन बनवा जाड नळीतून, दोन्ही टोकांना आट्यांचे बुश टर्न करून. आर्मची लांबी पण बघा, जुन्यापेक्षा लांब असेल तर चाक लवकर आणि जास्त वळतं.

आणि जास्त वळणं इथे घातक आहे. नकलला स्टॉप बोल्ट असतात, चाक तिथे टेकलं पाहिजे, बॉक्सच्या आत शेवट होण्याआधी. नाहीतर पॉवर बॉक्स शंभर बारच्या आसपासचं प्रेशर घेऊन ढकलत राहतो, आणि आतला एक्सल जॉइंट त्याच्या कोनाच्या पलीकडे गेला की फोर बाय फोरमध्ये असताना कट्‌कन जातो. दोन्ही बाजूंचे स्टॉप सेट करा, रंगाची खूण करा.

पॉवर स्टिअरिंगचा पंप: पेट्रोल इंजिनला पंपाची जागा नाही. मी क्रँक पुलीला एक जास्तीची खोबण असलेली पुली टर्न करून घेतली आणि पंपाचा ब्रॅकेट बनवला, बेल्ट सरळ रेषेत यायला तीन ब्रॅकेट गेले. ज्यांनी डिझेल इंजिन टाकलंय त्यांना हे सोपं आहे. भीमरावांनी टाकू नये, ते इंजिन ठेवा.

हवा काढताना पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा, एटीएफ (पॉवर स्टिअरिंगचं ऑइल) कमी होईल तसं ओतत राहा, फेस दिसायचा थांबला की मग स्टार्ट.

फरक? पार्किंगमध्ये एका हाताने. हायवेला मात्र जुन्या बॉक्ससारखं रस्त्याचं काही कळत नाही, सवय लागते.

वेपन_कॅरियर

माझं मत वेगळं आहे आणि इथे शिव्या खाणार हे माहीत असून लिहितोय. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली डॉजची पाऊण टनी आहे, २३० क्यूबिक इंचाचं इंजिन, ९२ हॉर्सपॉवर, टायर नऊशे-सोळा, आणि स्टिअरिंग सगळं मॅन्युअल. एक्सल नीट असेल आणि हवा नीट असेल तर गाडी जरा रांगती असताना वळते. उभ्या गाडीत चाक वळवू नये ही साधी शिस्त आहे, बॉक्स आणि टायर दोन्ही वाचतात. हे ट्रक असेच चालवायचे असतात. पॉवर स्टिअरिंग आणि डिस्क ब्रेक हवेत तर नवीन थार घ्या ना.

ठाण्याचा_ठोंब्या

आला, "नवीन थार घ्या" आला. वाटच बघत होतो.

जोंगा_जपणारा

साहेब, तुमच्या डॉजला कुर्ल्यात पार्ट मिळायचे कारण प्रीमियरवाले तिथेच डॉज आणि फार्गोचे ट्रक बनवत होते, तुमचं नशीब. आणि तुम्ही ती वर्षातून एकदा रॅलीला काढता, भीमराव माळशेजला नेतात. घाटात उलट्या यू टर्नला "जरा रांगती" ठेवायला जागा नसते.

वेपन_कॅरियर

माळशेजला मी पण गेलोय, याच डॉजने. असो.

एक कामाचं सांगतो. गाडी ७४ ची आहे, म्हणजे पन्नास झाली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून रजिस्टर करता येते, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची व्हॅलिडिटी, नंबरात व्हीए येतं. पण अट अशी आहे की गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली, प्रदर्शन, मेंटेनन्स, पेट्रोल भरणं एवढ्यालाच. पन्नास वर्षं पहिल्या रजिस्ट्रेशनपासून मोजतात हे पण बघा, आर्मीतून आलेल्या गाडीची सिव्हिल रजिस्ट्रेशनची तारीख बरीच नंतरची असते. हे सगळं कापाकापी सुरू करायच्या आधी ठरवा.

ग्रीसगन

हा मुद्दा बरोबर आहे, कोणाचंही मन न दुखावता. आणि विंटेज करायची नसेल तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सल टाकणं हे उघड त्यात बसतं. काही बदलायचं तर आधी वडाळ्याला आरटीओत लेखी विचारा. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिले हेच बघणार.

भांडुपचा_भीम

रजिस्ट्रेशन ८९ चं आहे. म्हणजे विंटेजला अजून वेळ आहे.

आणि महिंद्राचा एक्सल? त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

तात्या_टर्नर

नको. महिंद्राचा एक्सल जीपचा आहे, वजनाने आणि रुंदीने कमी, तुमचं इंजिनच त्याला जड होईल. शिवाय डिफ्रेन्शलचा गोळा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट निघायला पाहिजे, आणि पुढच्या मागच्या क्राउन पिनियनचा रेशो सारखा पाहिजे. रेशो वेगळा असला तर फोर बाय फोरमध्ये कोरड्या रस्त्यावर गाडी स्वतःशीच भांडते, ट्रान्सफर केसचे दात जातात. व्हीलचे बोल्ट वेगळे, ड्रम वेगळे. एवढं सगळं जुळवायचं ते कशासाठी, तर डिस्कसाठी? तुमचे ड्रम टर्न करून लायनर नीट बसवले तर त्या स्पीडला पुरे आहेत.

भांडुपचा_भीम

ठरलं मग. एक्सल तोच. चॅसीची भेग, किंगपिन बेअरिंग, सील, बुश, मूळ लांबीचे शॅकल, टाय रॉड एंड, हे सगळं आधी. बॉक्स उघडून बघतो. पॉवरचं त्यानंतर, आरटीओत विचारून. मूळ मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला "एवढ्या बारीक कामात मला परवडत नाही", त्यामुळे मिस्त्री पण शोधतोय.

बेअरिंग आणि सील कुठे मिळतील? निसानचा पार्ट नंबर घेऊन फिरलो, सगळे नाही म्हणतात.

कुर्ला_टू_कसारा

निसानचं नाव घेऊच नका. बेअरिंगच्या कडेवर त्याचा स्वतःचा नंबर कोरलेला असतो, तो पुसून फोटो काढा आणि मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटला जा, नंबर दाखवला की मिळतं. गाडी कोणती हे त्यांना सांगायचं पण नाही, सांगितलं की भाव वाढतो. साध्या सीलना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, व्हर्नियरने मोजून, तीन आकडे. बॉलवरचं मोठं सील तसं मिळणार नाही, त्याला कुर्ल्याला सीएसटी रोडला फिरा, जुना पीस हातात घेऊन.

ग्रीसगन

आणि नवीन सील घालण्याआधी तो बॉल बघा. पावसाळ्यात उभी राहून बॉलला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवीन सील एका सीझनला कापलं जाईल. बारीक पॉलिश पेपरने घासा, खड्डे खोल असतील तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यायचं, अंधेरीला एमआयडीसीत करतात. आतलं सील पण बदला, एक्सल ट्यूबमधलं, नाहीतर डिफ्रेन्शलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं आणि शेवटी ब्रेक लायनरवर.

भांडुपचा_भीम

शॅकल मूळ लांबीचे केले आणि तरी कॅस्टर कमी भरला तर? पाट्याखाली पाचर मारू का?

तात्या_टर्नर

मारता येते, एक दोन अंशाची, लोखंडाची, ॲल्युमिनियमची चेपते. पण पाचर मारली की अख्खा एक्सल फिरतो, म्हणजे पिनियनचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. दोन अंशाच्या वर गेलात तर फोर बाय फोरमध्ये घरघर येईल. आधी मोजा. नकलच्या वरच्या मशीन केलेल्या कॅपवर फोनचं कोन मोजायचं ॲप ठेवून बघा, गाडी सपाटीवर, टायरची हवा सारखी, पाट्यांचे यू बोल्ट पूर्ण आवळलेले. आणि पाट्यांचे बुश नवीन घातल्याशिवाय मोजू नका, आकडा खोटा येतो.

मिस्त्री मिळाला नाही तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कळंबोलीला एक ओळखीचा आहे, फक्त त्याच्याकडे नंबर लागायला वेळ लागतो.

भांडुपचा_भीम

व्यनि केलाय तात्या.

ठाण्याचा_ठोंब्या

फोटो??